पोपटाशी खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

(अमरावती येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांची काही प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

विषयाचा फलक वाचून बाहेर एक गृहस्थ मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोपटासोबत खेळाले काय शिकाव लागते का? थो मिठू म्हणते, आपण मिठू म्हणाव, झाला खेळ." सभागृहातल्या निम्म्या लोकांचं मत हेच असणार, हे धरूनच मी आलो आहे. अकोल्यात पशुवैद्यक म्हणून माझ्याकडे गायी-म्हशी, बकऱ्या, कुत्री येतात, आणि पिंजऱ्यावर फडकं टाकून पोपटही येतात. पोपटाबद्दलची तक्रार साधारण तीनच प्रकारची असते. चावतो, किंचाळतो, नाही तर स्वतःचे पंख उपटतो. तपासलं तर काहींना खरंच आजार असतो. पण कितीतरी पक्ष्यांना आजार म्हणावा असा काही नसतो. त्यांना दिवसभर करायला काहीच नसतं, इतकंच. त्यामुळे आजचं बोलणं हौसेबद्दल कमी आणि त्या रिकाम्या दिवसाबद्दल जास्त आहे.

पण आधी एक कडू गोष्ट सांगून टाकतो. ती लपवून पुढचं बोलणं बरोबर होणार नाही.

आपल्याकडे वऱ्हाडात 'पोपट' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हिरवा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असलेला राघू. हा पक्षी घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. भारतीय पक्षी पकडण्या-विकण्यावरची बंदीही 1990-91 पासूनची, म्हणजे तीस वर्षांहून जुनी. कायद्यातली अलीकडची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि त्यात आपला राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. पहाडी पोपट, टुईया हेही संरक्षितच आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आमच्या घरी आजोबाच्या काळापासून आहे" हे कायद्यापुढे चालत नाही.

हा कायदा उगाच आलेला नाही. राघू झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. त्याच दिवसांत ढोलीत हात घालून पिसंही न फुटलेली पिल्लं काढली जातात, टोपल्यात कोंबून बाजारात येतात. त्यातली किती बाजारापर्यंत पोचण्याआधीच मरतात, ते विकणाऱ्यालाच ठाऊक. विकत घेताना आपण एक पिल्लू पाहतो, पण त्याच्यामागे सगळी ढोली रिकामी झालेली असते.

मग कायदेशीर काय? बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्ड हे परदेशी मूळ असलेले पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढवलेले पक्षी पाळता येतात. आपल्या बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे हिरवे-पिवळे-निळे पक्षी जोडीनं विकतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, खरा लव्हबर्ड वेगळा. मकाव, आफ्रिकन ग्रे असे मोठे परदेशी पक्षी असतील तर 2024 च्या नियमांप्रमाणे त्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. आणि ज्यांच्या घरी आज राघू आहेच, त्यांच्याबद्दल मी पुढे बोलतो. कारण मला माहीत आहे, या सभागृहात ते आहेत. काही जणांनी आत्ताच मान खाली घातली.

आता खेळाकडे वळू.

खेळ समजायचा तर आधी पोपटाचा रानातला दिवस पाहा. पहाटे उजाडायच्या आधी थवा जागा होतो. कल्ला करत उडतो, मैलोन् मैल जातो. आपल्या तुरीवर उतरतो, हरभऱ्याचे घाटे फोडतो, ज्वारीच्या कणसाला उलटा लटकतो, वरुड-मोर्शीकडच्या बागांत फळांना चोच मारतो. शेतकरी शिव्या देतो आणि त्याचं चुकत नाही. एक घाटा अर्धवट कुरतडून दहा खाली पाडायचे, ही त्याची जुनी सवय. दुपारी झाडाच्या सावलीत जोडीदाराची मान खाजवत बसायचं. संध्याकाळी पुन्हा शेकड्यांनी एका मोठ्या झाडावर जमायचं आणि अंधार पडेपर्यंत भांडायचं. या दिवसात तीन कामं आहेत. शोधणं, फोडणं, आणि हाकेला ओ देणं.

पिंजऱ्यात काय होतं? वाटीत डाळ भिजवून ठेवलेली असते. पाच मिनिटांत जेवण उरकतं. शोधायला काही नाही, फोडायला काही नाही. हाक मारली तर घरातले म्हणतात, "गप बस रे!" रानातल्या दिवसाची ती तिन्ही कामं आपण एकदम काढून घेतली आणि वर म्हणतो, हा किंचाळतो काहून?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2003 साली ॲमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही पक्ष्यांना साधे पिंजरे दिले. काहींना अन्न शोधून, उघडून, फोडून खावं लागेल अशी सोय दिली आणि चढायला-कुरतडायला वेगवेगळ्या वस्तू दिल्या. साध्या पिंजऱ्यातले पक्षी पंख उपटायला लागले. दुसऱ्या गटात ती खोड कमी दिसली. पुढे साध्या पिंजऱ्यातल्यांनाही त्याच वस्तू दिल्यावर त्यांची पिसं सुधारली. म्हणजे इथे खेळ हेच औषध होतं. मी औषधाच्या धंद्यातला माणूस असून सांगतो आहे.

दुसरी एक मजेची गोष्ट. 1963 साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवर दाखवलं की वाटीत फुकटचं अन्न समोर असतानाही उंदीर दांडी दाबून, मेहनत करून अन्न मिळवणं पसंत करतात. पुढे हे इतर अनेक प्राण्यांत दिसलं, पोपटांतही. आपण जावयाला बसल्या जागी ताट वाढतो तसं पोपटाला वाढतो, आणि त्याला तर शेतात जायचं असतं!

त्यामुळे पहिला खेळ तुमच्याशिवाय सुरू होतो आणि त्याला खर्च नाही. पळसाच्या पानांचे द्रोण घ्या. आपल्या इकडे पत्रावळी-द्रोण अजून मिळतात. द्रोणात चार दाणे ठेवा, वरून दुसरा द्रोण उपडा घाला आणि पिंजऱ्यात ठेवा. सुरुवातीला एक दाणा बाहेर डोकावू द्या, म्हणजे त्याला कळेल की आत काही आहे. तो फाडेल, चिंध्या करेल, कचरा करेल. करू द्या. हळूहळू दाणे आत लपवत न्या. हिवाळ्यात तुरीची अख्खी शेंग द्या, हरभऱ्याचा डहाळा द्या, ज्वारीचं कणीस वरून टांगा. सोललेले सोले वाटीत देणं आणि शेंग देणं यात पोटाला फरक पडत नाही, पण त्या पक्ष्याच्या दिवसात अर्ध्या तासाचा फरक पडतो. फक्त हे सगळं बिनफवारणीचं असू द्या. पऱ्हाटीच्या काड्या मात्र कधीच देऊ नका, कितीही सुकलेल्या असल्या तरी. कापसावर आपण काय काय फवारतो ते आपल्यालाच माहीत. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना धडधाकट माणसं दगावली. पोपटाचं वजन किती, त्याला किती विष पुरेल, विचार करा. कुरतडायला कडुनिंब, जाम, बोर यांच्या काड्या धुऊन द्या. कण्हेर, एरंड, रुई घरातच आणू नका.

पण मला आज बोलायचं आहे ते दोघांच्या खेळाबद्दल. तो आणि तुम्ही.

इथे लोक काय करतात? इंटरनेटवर एखादा पोपट बास्केटबॉल खेळताना पाहतात, तसलं खेळणं मागवतात, पिंजऱ्यात टाकतात. पोपट दोन दिवस त्याच्याकडे भूत असल्यासारखा बघतो आणि खेळणं माळ्यावर जातं. पोपटाला नव्या वस्तूची भीती वाटते, हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे. आणि दुसरं, खेळ आपण ठरवला, त्याला विचारलंच नाही.

मी लोकांना सांगतो, एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त पाहा. हा पक्षी आपणहून काय करतो? काही पक्षी पाडणारे असतात. वाटी पाडतात, दाणा पाडतात, मग मान वाकडी करून खाली बघतात. काही फोडणारे, त्यांना लाकूड-कागदच लागतो. काही लटकणारे, छतालाच उलटे. काही बोलके, घरात कुकरची शिट्टी झाली की लगेच उत्तर देतात. हा जो त्याचा उद्योग आहे तोच त्याचा खेळ. तुम्ही त्यात दुसरा गडी म्हणून शिरायचं. संपूर्ण व्याख्यानातलं एवढंच घरी नेलं तरी चालेल.

पाडणारा घ्या. त्याच्या समोर टेबलावर बाटलीची चार-पाच झाकणं ठेवा, तीक्ष्ण कडा नसलेली, गिळता न येणारी. तो एक पाडेल. तुम्ही "अरे बाप्पा!" म्हणा आणि उचलून परत ठेवा. तो पुन्हा पाडेल. तुम्ही पुन्हा "अरे बाप्पा!" तिसऱ्या-चौथ्या वेळी तो पाडायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. मंडळी, ते बघणं महत्त्वाचं. तिथे खेळ सुरू झाला. पाडायची पाळी त्याची, ओरडायची तुमची. दीड वर्षाचं लेकरू चमचा खाली टाकून आपल्याला उचलायला लावतं, अगदी तेच. आपण कंटाळतो, ते कंटाळत नाही.

लटकणाऱ्यासाठी सुती दोरीची गाठ. एक टोक तुमच्या हातात, एक त्याच्या चोचीत. तुम्ही हलकं ओढा आणि दर दोन वेळा हरा. तुम्हीच जिंकत राहिलात तर तो खेळणार कशाला? दोरीचे धागे सुटलेले नकोत, बोटात अडकून पाय सुजलेले पक्षी मी पाहिले आहेत. खेळ संपला की दोरी काढून ठेवा.

बोलक्यासाठी हाकेचा खेळ. थव्यातला पोपट नजरेआड झाला की हाक देतो, मी इथे आहे, तू कुठे? आणि समोरून ओ आली की शांत होतो. कार्ल बर्ग या संशोधकांनी व्हेनेझुएलात छोट्या पोपटांवर अभ्यास करून 2011 मध्ये दाखवलं की पिल्लाची जी खास हाक असते, जवळजवळ नावासारखी, ती आईबापांकडून येते. बघा, बारसं त्यांच्यातही आहे. म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि तो बाहेरून ओरडला, तर त्याला रागावू नका आणि धावतही येऊ नका. किंचाळल्यावर धावत गेलं तर किंचाळायचीच शिकवण होते. त्याची एक मऊ शिट्टी निवडा. ती आली की लगेच तीच शिट्टी परत द्या. तो शिट्टी, तुम्ही शिट्टी. मग लपाछपी करा. दाराआड जा, त्यानं शिट्टी दिली की डोकं बाहेर काढा. मोठ्या माणसांना लाज वाटते. घरात कोणी नसताना खेळा.

बोलण्याचा विषय निघालाच आहे तर 'पोपटपंची' या शब्दाबद्दल थोडं. अर्थ न समजता घोकणं, असा आपण तो वापरतो. पोपटावर हा थोडा अन्यायच आहे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली शिकागोतल्या दुकानातून एक आफ्रिकन ग्रे पोपट घेतला. त्याचं नाव ॲलेक्स. 2007 मध्ये तो वारला तोपर्यंत त्याला शंभराच्या वर शब्द येत होते, आणि तो रंग, आकार, वस्तू कशाची बनली आहे, संख्या यांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं देत होता. त्याला शिकवायची पद्धत आपल्या कामाची आहे. त्याच्यासमोर दोन माणसं बसत. एक विचारी, दुसरा उत्तर देई. बरोबर उत्तर दिलं तर ती वस्तूच हातात मिळे. चुकीचं दिलं तर वस्तू दूर जाई. मग दोघं भूमिका बदलत. पोपट बाजूला बसून हेव्यानं बघे आणि मधे पडे. बक्षीस म्हणून दाणा द्यायचा नाही, ज्या वस्तूचं नाव घेतलं तीच वस्तू द्यायची, म्हणजे शब्द आणि वस्तू यांची गाठ बसते.

हे घरी सहज होतं. आजी आणि नात समोरासमोर बसा. मध्ये लाकडी चिमटा, कपडे वाळवायचा. आजी म्हणणार, "चिमटा दे." नात म्हणणार, "चिमटा! घे." आजीनं तो हातात फिरवून आनंद दाखवायचा. मग उलटं. पोपटाला त्यातून वगळल्यासारखं करा. एका आठवड्यात तो शब्द बोलेलच असं नाही, कदाचित कधीच बोलणार नाही. पण तो दांडीच्या टोकाला येईल, मान लांब करेल, हात चोचीनं ओढेल. मग चिमटा त्याला द्या. तो तिसरा गडी झाला.

आता त्याचं शरीर वाचायला शिका, कारण चावण्याच्या आधी पोपट सांगतो. डोळ्याची बाहुली पटापट लहान-मोठी होते. हे आनंदातही होतं, रागातही. म्हणून एकटी बाहुली पाहू नका. बाहुली नाचते आहे, मानेची पिसं फुलली आहेत, शेपटी पंख्यासारखी पसरली आहे, अंग ताठ आहे, तर हात मागे घ्या. डोकं खाली करून मानेची पिसं सैल सोडली तर खाजवा म्हणतो आहे. झोपायच्या आधी चोच एकमेकींवर घासल्याचा बारीक कर्र आवाज म्हणजे समाधान. पाठ फिरवून पिसं साफ करायला लागला तर खेळ संपला, तुमचं मन भरलं नसलं तरी. आणि कुरवाळायचं ते फक्त डोकं-मान. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवला की पोपटाच्या भाषेत ते जोडीदाराचं वागणं होतं. मग तो तुमच्यावर हक्क सांगतो आणि घरातल्या बाकीच्यांना चावतो. "माझ्याशी गोड, सुनेला फाडते," अशा तक्रारीत मी आधी हा हात कुठून फिरतो ते विचारतो. सुनेचा दोष क्वचितच निघतो.

अजिबात जवळ येऊ न देणाऱ्या पक्ष्यासाठी काडीचा खेळ. आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या आणि टिकटिक वाजणारं बॉलपेन. काडी पिंजऱ्याच्या गजाजवळ न्या. पक्ष्यानं चोचीनं काडीला स्पर्श केला की त्याच क्षणी पेनची टिक, आणि लगेच एक आवडता दाणा. आधी नुसतं काडीकडे बघितलं तरी टिक. दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. चार-सहा दिवसांत तो काडीच्या मागे दांडीवरून चालायला लागतो. मग काडी तुमच्या मनगटापलीकडे धरा. एक दिवस तो मनगटावर पाय ठेवून पलीकडे जातो. कोणी पकडलं नाही, दाबलं नाही, तो आपणहून आला. लहानपणी जत्रेत चिठ्ठी काढणारा पोपट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो भविष्य जाणत नव्हता. चिठ्ठी ओढली की दाणा, एवढंच जाणत होता. पद्धत तीच. फक्त तिथे भूक आणि कापलेले पंख होते, इथे दोन्ही नकोत. उपाशी ठेवून शिकवणं हा खेळ नाही. आवडता दाणा खेळापुरता राखून ठेवला तरी पुरतं.

दाण्यावरून आठवलं. पोपट मिरची मिटक्या मारत खातो याचं लेकरांना भारी कौतुक. पक्ष्यांच्या अंगातला तो संवेदनग्राहक मिरचीच्या तिखटाला दाद देत नाही. सस्तन प्राण्याला तिखट लागतं, पक्ष्याला नाही, आणि न चावलेलं बी पोटातून तसंच बाहेर पडून दूर रुजतं. वऱ्हाडी माणसापेक्षा जास्त मिरची पचवणारा तेवढाच एक गडी! मिरची द्या, पण मीठ-मसाल्याचं, चहात बुडवलेलं, चॉकलेट, अवोकाडो काही देऊ नका.

आता ज्यांनी मान खाली घातली होती त्यांच्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एक आजी राघू घेऊन आल्या. मुलगा-सून पुण्याला, इथे घरात त्या आणि राघू. छातीची पिसं सगळी उपटलेली, कातडी उघडी. म्हणाल्या, "डॉक्टर, थो बोलत नाही आता. मले वाटते रुसला." तपासलं, परजीवी नव्हते, कातडीला आजार नव्हता. विचारत गेलो. पूर्वी राघू ओसरीत होता, येणारा-जाणारा त्याच्याशी दोन शब्द बोलायचा. आजींचे गुडघे गेले, राघू आतल्या खोलीत आला. आणि आतल्या खोलीत बोलणारा फक्त टीव्ही, ज्याला हाक मारली तर ओ देत नाही.

मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली, की हा पक्षी ठेवता येत नाही आणि वनविभागाला कळवावं लागेल. दुसरी, की पिंजरा उघडून त्याला उडवून देणं ही दया नव्हे. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, त्याला अन्न शोधता येत नाही, ससाणा ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो मांजरीच्या तोंडी असतो. त्याला प्रशिक्षित लोकांनी तपासायचं असतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशी कामं होतात. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे थो जाईन." मी हो म्हणालो.

निघेपर्यंतच्या दिवसांत आम्ही त्याला ओसरीत परत आणला. द्रोण दिले, तुरीच्या शेंगा दिल्या. आजी खुर्चीत बसून गंजावर चमचा वाजवायच्या, तीन वेळा. तो मान वर-खाली करायचा, तीन वेळा नाही, मनाला येईल तितक्या. पिसांचे बारीक कोंभ छातीवर दिसायला लागले. त्या खेळाचा आजींना उपयोग झाला की राघूला, मला नीट सांगता येणार नाही. तो गेला त्याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते मी गोड करून सांगणार नाही. त्यांना त्याच्या जागी बजरीगर घ्या असंही मी म्हणालो नाही. पोपटाची जागा भरून काढायला पोपट विकत आणणं, मग तो कुठला का असेना, हा घाईचा निर्णय असतो.

शेवटी धोक्यांचं भरभर सांगतो. पिंजऱ्याबाहेर खेळायचं तर छताचा पंखा बंद, खिडक्यांना जाळी, गॅसवर काही नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. पंख कापू नका. आरसा टांगू नका, तो त्यातल्या पक्ष्याशीच लग्न लावून बसतो. आणि आपला उन्हाळा! अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा खेळ पहाटे सहा ते आठ, नाहीतर दिवेलागणीनंतर. दुपारी पाण्याचा खेळ चालतो. ताटात ओली मेथी-कोथिंबीर पसरा, बरेच पोपट त्या ओल्या पानांत लोळून आंघोळ करतात. कूलरचा झोत थेट अंगावर नको. हात धुणं दोन्ही बाजूंनी, खेळाच्या आधी आणि नंतर. पोपटाकडून माणसाला होणारा श्वसनाचा आजार आहे, दुर्मिळ, पण आहे.

प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलं, मोबाइलवर पोपटांचे व्हिडिओ लावून दिले तर चालेल का? नुसते लावून दिले तर त्याचा टीव्हीच होतो. पण 2023 मध्ये काही संशोधकांनी 18 पाळीव पोपटांना घंटा वाजवून, मग पडद्यावरच्या फोटोला चोच लावून दुसऱ्या पोपटाला व्हिडिओ कॉल करायला शिकवलं. काही पोपटांना मित्र मिळाले, ते एकत्र गायचे, एकमेकांचं पाहून नव्या गोष्टी शिकायचे. मात्र माणूस शेजारी बसलेला असायचा आणि पक्षी घाबरला तर कॉल बंद करायचा. माणसाशिवाय ते झालं नाही.

दुसरा प्रश्न, एकच आहे, जोडीला दुसरा आणू का? बजरीगर, लव्हबर्डच्या बाबतीत माझं उत्तर हो. हे थव्याचे पक्षी आहेत, एकटा ठेवला तर त्याचा थवा तुम्ही, आणि तुम्ही सकाळी नऊला ऑफिसला जाता. जोडी झाली की तुमच्याशी खेळणं थोडं कमी होईल, ते मान्य करायला हवं. न्यूझीलंडच्या केआ पोपटांवर 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळतानाचा त्यांचा एक खास आवाज आहे. तो ध्वनिमुद्रित करून ऐकवला की आसपासचे केआ आपणहून खेळायला लागतात, आपल्याकडे एक हसला की दुसऱ्याला हसू येतं तसं. असा आवाज एकमेकांना द्यायला दुसरा पोपट लागतो. आपण कितीही शिट्ट्या वाजवल्या तरी आपल्याला तो येत नाही.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, नाव नाही. "आमच्याकडे राघू बारा वर्षांपासून आहे. कळवलं तर आम्हाला पकडतील का?" मी वकील नाही, कायद्यात काय आहे ते मघाशी सांगितलं. वनविभागाची हेल्पलाइन 1926. माझा अनुभव एवढाच, की आपणहून पक्षी घेऊन आलेल्या माणसाशी आणि पिंजरे भरून विकणाऱ्याशी वनरक्षक सारखं बोलत नाहीत. फोन करायला भीती वाटत असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा, सोबत बसून लावू. आणि जोवर तो घरात आहे तोवर आज संध्याकाळी त्याच्या वाटीतली डाळ काढून द्रोणात लपवा.